फिरत्या घरातील मागची आसने आणि सीटबेल्ट : पट्टा नेमका कशाला बांधायचा?

बालाघाट (धागाकर्ता)

आमच्याकडे १९८० च्या दशकातील एक मॅटाडोर आहे. जर्मनीच्या हानोमाग कंपनीच्या आराखड्यावरून बजाज टेम्पोने बांधलेल्या ज्या गाड्यांनी एकेकाळी मराठवाड्यातील वऱ्हाडे, शाळेच्या सहली आणि आठवडी बाजाराचा माल वाहिला, त्यांपैकीच ही एक. आधीच्या मालकांनी तिचे फिरते घर करून घेतले होते. मागे झोपण्याचा पलंग, एका बाजूला ओटा व पाण्याची टाकी आणि दुसऱ्या बाजूला खिडकीला पाठ करून बसण्याचा प्लायवूडचा लांब बाक अशी तिची आतली मांडणी आहे. इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंगचे काम समाधानकारक झाले असून आता माणसांच्या बसण्याचा प्रश्न हाती घेतला आहे.

बाकाचा फोम भुगा झाला होता, म्हणून रेक्झीन सोडवले. तेव्हा दिसले की बाकावरचे कमरेचे पट्टे थेट १८ मिलिमीटरच्या प्लायवूडला आवळलेले आहेत आणि बोल्टामागे फक्त साधा वॉशर आहे. पट्टे दिसायला नवे आहेत, बकल नीट लागते, त्यामुळे बसणाऱ्याला आपण बांधलेले आहोत असे वाटते. मला हीच गोष्ट सर्वांत धोक्याची वाटते. प्लायवूड तळाच्या पत्र्याला लाकडी स्क्रूंनी जोडलेले आहे. गाडी जोरात थांबली तर माणूस, पट्टा आणि बाक हे तिन्ही एकत्रच पुढे येतील.

प्रवास आम्हा पाचजणांचा असतो: मी व पत्नी, सत्तरीपलीकडचे आई-वडील आणि सहा वर्षांची मुलगी. अंबाजोगाईहून वेरूळ, औंढा नागनाथ, परांडा, नळदुर्ग असे टप्पे मनात आहेत. म्हणजे चालकाशेजारी एक आणि मागे तीन अशा आसनांची गरज आहे. बहुतेक लोक पहिल्यांदा आसनांचे नमुने पाहतात. माझे मत असे झाले आहे की आधी तळाखाली शिरून लोखंड कोठे आहे ते पाहावे आणि ज्या जागी पट्ट्याला भक्कम आधार मिळतो तेवढ्याच जागांवर आसने ठेवावीत. जाणकारांनी यावर लिहावे. विशेषतः आडव्या बाकाचे काय करावे, पट्टे कोणते घ्यावेत आणि आरसी बुकावर याचा काय परिणाम होतो, हे समजून घ्यायचे आहे.

मांजराकाठ

गाडीचे जतन करत आहात याचा मनापासून आनंद वाटला. मात्र बाक काढून टाकण्याची घाई करू नये, असे मला वाटते. फिरत्या घराचे घरपण त्या बाकातच असते. रात्री तो पलंग होतो, दिवसा समोरासमोर बसून जेवता येते. या गाड्या आपण ताशी ५० किलोमीटरच्या पुढे सहसा नेत नाही. तेव्हा तोच बाक चौकोनी नळीच्या सांगाड्यावर बसवून, बोल्ट तळाच्या पत्र्यातून आरपार घेऊन, खाली मोठे वॉशर लावले तर पुरेसे होणार नाही का? वृद्ध माणसांना आडव्या बाकावर चढणे-उतरणेही सोपे जाते.

वाळूजकर

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला कमी वाटतो, कारण मोकळ्या रस्त्यावर तो संथ दिसतो. हिशेब मात्र वेगळे सांगतो. ६० किलो वजनाची व्यक्ती या वेगावरून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर तिला थांबवणारे सरासरी बल सुमारे ११,६०० न्यूटन, म्हणजे जवळपास १,२०० किलो वजनाइतके असते. हे झाले सरासरी; क्षणिक बल याहून बरेच मोठे असू शकते. शिवाय अर्धा मीटर हे अंतर मी उदार हाताने धरले आहे. आजच्या मोटारींच्या नाकाडात चेपण्यासाठी राखलेली जागा असते, ती मॅटाडोरसारख्या चपट्या तोंडाच्या गाडीत नाही. थांबण्याचे अंतर जितके कमी, तितका पट्ट्यावरचा ताण अधिक.

याच कारणाने पट्ट्याच्या बांधणीची चाचणी कठोर ठेवलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१४ या नियमानुसार मोटारीतील तीन-बिंदू पट्ट्याच्या, म्हणजे कंबर व खांदा दोन्ही धरणाऱ्या पट्ट्याच्या, खांद्याच्या भागावर १३,५०० न्यूटन आणि कमरेच्या भागावर तितकाच ताण एकाच वेळी दिला जातो. कमरेचा पट्टा एकटा असेल तर त्यासाठी २२,२५० न्यूटन. आपल्याकडे पट्ट्यांसाठी एआयएस ००५ आणि त्यांच्या बांधणीसाठी एआयएस ०१५ ही मानके आहेत. तळाच्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याला भोक पाडून लावलेला वॉशर, कितीही मोठा असला, तरी एवढ्या ताणाखाली पत्रा फाडून वर येतो. मोटार शर्यतींच्या गाड्यांसाठीच्या नियमांत अशा जागी निदान ३ मिलिमीटर जाडीची आणि ४० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची आधारपट्टी सांगितलेली आहे. आपण ती किमान मर्यादा समजावी आणि शक्य तेथे ती पट्टी चेसिसच्या आडव्या मेंबरवर, म्हणजे गाडीच्या तळाखालच्या लोखंडी तुळईवर, वेल्ड करून बोल्ट तेथूनच घ्यावा. पट्टीचे कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपरा ताणाखाली पत्रा कापतो. जालन्याच्या सळईचे तुकडे जोडून आसनांचे सांगाडे करणारे कारागीर आपल्या भागात आहेत. घराच्या कॉलमला ती सळई उत्तम, पण वाकवून-वेल्ड करून केलेल्या आसनाच्या पायांसाठी तिचा वापर करू नये.

आता बाकाविषयी. मांजराकाठ यांची घरपणाची भावना मला पटते, पण ती गाडी उभी असतानाची आहे. सीटबेल्ट हा समोर तोंड करून बसलेल्या शरीराला पुढे झेपावण्यापासून रोखण्यासाठी आखलेला असतो. आडवे बसलेल्या माणसाचे कंबरेखालचे शरीर पट्टा धरून ठेवतो आणि धड व डोके मात्र कडेला फेकले जाते. मानेला आणि कण्याला होणारी इजा अशा वेळी पट्ट्यामुळे टळत नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २००७ पासून नव्या मोटारींमध्ये, त्यांत फिरती घरेही आली, आडव्या आसनांना मज्जाव केला तो याच कारणाने. बाक ठेवा, त्यावर जेवा, झोपा. गाडी चालू असताना त्यावर कोणी बसू नये.

तेरणा

कागदपत्रांच्या बाजूविषयी लिहितो, कारण हे काम मी एका जुन्या गाडीसाठी नुकतेच पूर्ण केले आहे.

आसनसंख्या आणि वाहनाचा प्रकार हे आरसी बुकावरचे तपशील आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. त्यामुळे वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी आरसी बुकाची प्रत, आतल्या मांडणीचा मापांसह आराखडा आणि सध्याच्या स्थितीची छायाचित्रे घेऊन अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या एमएच ४४ च्या कचेरीत, निरीक्षकांशी बोलावे. आधीच्या मालकांनी फिरत्या घराची नोंद आरसीवर करून घेतली होती का, हेही तेथेच स्पष्ट होईल. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे फिरत्या घरांसाठी, एआयएस १२४ हे स्वतंत्र मानक आहे. नव्या बांधणीसाठी केलेले असले तरी आराखडा काढताना ते समोर ठेवल्यास संवाद सोपा होतो. पंधरा वर्षांनंतर खासगी वाहनाच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि तेव्हा गाडी प्रत्यक्ष तपासली जाते, म्हणून नोंद नसलेला बदल तेव्हा अडचणीचा ठरतो.

काही सदस्य अशा गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळेल असे सुचवतात. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत आलेल्या तरतुदीप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली खासगी वाहनेच त्यात बसतात, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपली गाडी यांपैकी एकाही अटीत बसत नाही, तेव्हा तो मार्ग सोडून द्यावा.

दंडाचाही उल्लेख करतो. कलम १९४-ब प्रमाणे पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित न बसवल्यासही तेवढाच. समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांवर बसणाऱ्यांनाही पट्टा लावणे नियमाने बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा मागच्या आसनावर पट्टा लावलेला नव्हता, ही गोष्ट देशभर बोलली गेली. मराठवाड्यात मात्र मागचा पट्टा आसनाच्या फटीत दडपलेलाच आढळतो.

बालाघाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वाळूजकर यांच्या सूचनेप्रमाणे गाडी रॅम्पवर चढवून तळ घासून पाहिला. चालकामागच्या पहिल्या ओळीच्या खाली दोन आडवे मेंबर निरोगी आहेत. त्यामागे, पाण्याच्या टाकीखाली, गळतीमुळे पत्रा आणि मेंबर दोन्ही गंजून पापुद्रे सुटले आहेत. याचा अर्थ पहिल्या ओळीत दोन आसने चांगली बसतात; तिसऱ्यासाठी जागा आहे, पण लोखंड नाही.

एक पर्याय असा सुचवला गेला की ज्या आसनात पट्टा पाठीतूनच निघतो अशी तयार आसने भंगार बाजारातून आणावीत. त्यामुळे बाजूच्या भिंतीला हात लावावा लागणार नाही. भिंतीचा पत्रा खिडक्यांच्या मधल्या भागात फारच पातळ आहे, म्हणून हा मार्ग आकर्षक वाटतो. यावर मत हवे आहे.

वाळूजकर

हा पर्याय दिसतो तितका सोपा नाही. पट्टा पाठीतून निघत असेल तर खांद्याचा सगळा ताण आसनाच्या पाठीतून त्याच्या पायांत आणि तेथून तळात उतरतो. छातीची उंची तळापासून ८५ सेंटीमीटर आणि पुढच्या-मागच्या पायांतील अंतर ३५ सेंटीमीटर धरा. खांद्याच्या भागावर १३,५०० न्यूटन ताण आला तर मागच्या दोन पायांना मिळून वर उपटणारे बल सुमारे ३२,८०० न्यूटन, म्हणजे तीन टनांहून अधिक भरते. कमरेचा ताण यात अजून धरलेलाच नाही. आसनाचे स्वतःचे वजनही विसरता येत नाही. चाचणीत त्याच्या वीसपट बल जास्तीचे लावतात, म्हणजे २५ किलोच्या आसनासाठी आणखी ५०० किलोचा ओढा. अशी आसने मूळ गाडीत ज्या तळावर बसलेली असतात तो तळ त्यांच्यासाठीच घडवलेला असतो. आसन भंगारातून मिळते, तो तळ मिळत नाही.

म्हणून माझी शिफारस अशी की आसन आणि पट्टा यांचे आधार वेगळे ठेवावेत. पहिल्या ओळीच्या मागे, दोन्ही निरोगी मेंबरांवर पाय रोवलेली आणि छताच्या कडेच्या पट्टीला जोडलेली चौकोनी नळीची कमान उभी करावी. खांद्याचा वरचा बिंदू आणि पट्टा गुंडाळणारी रील त्या कमानीवर, कमरेचे दोन्ही बिंदू थेट मेंबरवर. वरचा बिंदू बसणाऱ्याच्या खांद्याच्या पातळीला किंवा थोडा वर हवा. तो खाली राहिला तर धडकेत पट्टा खांद्यावरून कण्याला खाली दाबतो. कमरेचा पट्टा बकलपासून खाली-मागे साधारण ४५ ते ६० अंशांत उतरावा. तो फार आडवा गेला तर माणूस त्याच्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा पोटावर चढतो.

पट्टा तीन-बिंदूचाच घ्यावा. व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणलेली ही रचना कंपनीने इतरांनाही खुली ठेवली, आणि आजही तिच्याहून साधा व परिणामकारक उपाय नाही. फक्त कमरेचा पट्टा असेल तर शरीर मध्यातून दुमडते आणि आतडी व कण्याच्या खालच्या मणक्यांना इजा होते. घेताना शिक्का पाहावा: वर्तुळातील ई आणि शेजारी आकडा, किंवा आपल्या मानकाची खूण. जुन्या गाडीतून काढलेला पट्टा स्वस्त मिळतो, पण ती गाडी धडकली होती की नाही हे कोणी सांगत नाही, आणि एकदा धडकेचा ताण सोसलेला पट्टा बदलायचाच असतो. बोल्ट पट्ट्यासोबत येणारेच वापरावेत. ते बहुधा ७/१६ इंच जाडीचे, इंचाला २० आट्यांचे आणि कठीण पोलादाचे असतात. नट चालतो म्हणून हार्डवेअरच्या दुकानातील बिनखुणेचा बोल्ट त्या जागी नको.

रीलविषयी एक बाब गॅरेजमध्ये हमखास दुर्लक्षित होते. तिच्या आत गुरुत्वाकर्षणावर चालणारी गोळी किंवा लोलक असतो आणि ती ठरलेल्या कोनातच काम करते. कमानीवर जागा मिळाली म्हणून रील तिरकी बसवली तर पट्टा एकतर सतत अडकतो, नाहीतर गरजेच्या क्षणी अडकत नाही. उभ्या आणि आडव्या बसवणीच्या रीली वेगवेगळ्या मिळतात. मागणी नोंदवतानाच कोन सांगावा.

गोदाकाठ

आमचा नांदेडला कुशनचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक मऊ गादी मागते आणि आम्ही ती देतो, पण प्रवासाच्या आसनाला फार मऊ फोम घातक असतो, कारण धडकेत माणूस गादीत खचतो आणि कमरेचा पट्टा हाडावरून सुटतो. खाली घट्ट आणि वर पातळ मऊ थर असे दोन थर घ्यावेत. दुकानात ४० डेन्सिटीचा फोम मागितला तर खालच्या थराला चालतो. गादीची पुढची कड किंचित उंच ठेवली की घसरणे कमी होते. पाठ खांद्यापर्यंतच नको, डोक्याला टेकण असलीच पाहिजे. मागून धक्का बसल्यावर मान वाचते ती तिच्यामुळे. मूळ मॅटाडोरच्या बुटक्या पाठीत ती सोय नव्हती.

आवरणाच्या कापडाबाबत आयएस १५०६१ हे मानक आहे. त्यानुसार गाडीच्या आतले साहित्य मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. ज्या गाडीत गॅसची शेगडी आहे तिच्यात तर हे पाहिलेच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपलीकडे असतो तेव्हा रेक्झीन अंगाला चिकटते, म्हणून बसण्याच्या भागाला जाड विणीचे कापड आणि फक्त कडांना रेक्झीन असे करावे. वरून ढिले खोळ-अभ्रे घालू नयेत. ते सरकतात आणि बकल झाकतात.

पूर्णाकाठ

धाग्यात लोखंडाविषयी पुष्कळ आले, बसणाऱ्यांविषयी थोडे लिहिते. माझ्या सासूबाई नऊवारी नेसतात. निऱ्यांचा पुढचा जाड खोचा असल्यामुळे कमरेचा पट्टा आपोआप वर, पोटावर चढतो. पट्टा लावल्यावर तो खोच्याखालून, मांडीच्या सांध्यालगत, दोन्ही बाजूंच्या हाडांवर येईल असा ओढून बसवावा लागतो. ही सवय आम्ही घरातील प्रत्येकाला लावली आहे. गरोदर स्त्रीसाठीही हाच नियम : कमरेचा पट्टा पोटाखालून आणि खांद्याचा छातीच्या मधून. बकल ताठ दांड्यावरचे घ्यावे, म्हणजे संधिवाताच्या हाताला ते शोधावे लागत नाही.

सहा वर्षांच्या मुलीला मोठ्यांचा पट्टा मानेवर येतो. उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत तिला उंचावणारे बूस्टर आसन लागते, आणि ते तीन-बिंदू पट्ट्यानेच वापरायचे असते. तिला आजीच्या मांडीवर किंवा आजीच्याच पट्ट्यात घेऊ नये. धडकेत आजीच्या शरीराचा सगळा भार तिच्यावर येईल.

आणखी एक. आसनांच्या मागे काय ठेवले आहे? स्वयंपाकाचा १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर टाकीच्या वजनासह जवळपास ३० किलोचा असतो. त्याला पट्टा नसेल तर पुढच्या माणसांनी पट्टा लावून काय उपयोग?

बालाघाट (धागाकर्ता)

पूर्णाकाठ यांचा शेवटचा प्रश्न घरात वाचून दाखवला आणि त्याच दिवशी ओट्याखालचे सामान बाहेर काढले. मोठा सिलिंडर आता गाडीत राहणार नाही. ५ किलोचा लहान सिलिंडर मेंबरला बोल्ट केलेल्या लोखंडी पिंजऱ्यात, पट्टीने आवळून, हवेची जाळी असलेल्या कप्प्यात राहील. पाण्याची टाकी पलंगाखाली हलवली आहे.

आसनांबाबतचा निर्णय असा आहे. पहिल्या ओळीत समोर तोंड असलेली दोन स्वतंत्र आसने, वाळूजकर यांनी सांगितल्याप्रमाणे कमानीसह. चालकाशेजारचे आसन त्याच्या मूळ जागी राहील, पण त्यालाही नवा तीन-बिंदू पट्टा लागेल. मागे तिसरे आसन बसवणार नाही. घरात यावर बरीच चर्चा झाली, कारण याचा अर्थ पाचजणांनी एकाच वेळी या गाडीतून प्रवास करायचा नाही. गंजलेला मेंबर कापून नवा घालता येईल असे एका कारागिराने सांगितले. परंतु चाचणीची सोय नसताना त्या जोडावर मुलीचा किंवा वडिलांचा जीव टांगावा असे मला वाटत नाही. आम्ही पाचही जण निघालो तर एकजण एसटीने येईल आणि मुक्कामाला सगळे भेटू. बाक राहील, मुक्कामाच्या ठिकाणी त्यावर सगळ्यांची पंगत बसेल.

परिवहन कार्यालयात आराखडा दाखवला आहे. आसनसंख्या कमी होत असल्यामुळे नोंदीचा अर्ज आधी, काम नंतर आणि मग प्रत्यक्ष तपासणी असा क्रम त्यांनी सांगितला. वेल्डिंगच्या वेळी कोणती काळजी घ्यावी आणि नंतर देखभाल कशी ठेवावी, एवढे कोणी सांगितले तर काम सुरू करता येईल.

मांजराकाठ

निर्णय पटला. आमच्याही गाडीचा बाक प्रवासात रिकामा ठेवण्याचे ठरवले आहे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवाव्यात, डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी, सिलिंडर आवाराबाहेर न्यावा आणि फोम व पडदे आधीच काढावेत. तळाच्या वरच्या बाजूला वेल्ड चालू असताना खाली एक माणूस पाणी घेऊन बसलेला असावा.

वाळूजकर

वेल्ड थंड झाल्यावर जोड घासून त्याला दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड आणि वरून तळाचे जाड काळे कोटिंग द्यावे. जेथे पट्टी आणि पत्रा भेटतात ती फट सीलंटने बुजवावी, कारण तेथेच पाणी साचते. पट्ट्याचा लोखंडी कान बोल्टावर मोकळा फिरला पाहिजे, तो रंगात चिकटता कामा नये. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळून डोक्यावर आणि पट्टीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर खाली वाकून त्या रेघा पाहाव्यात. एखादी तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे. पट्टे कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावेत, ब्लीच किंवा रंग लावू नये, आणि पूर्ण वाळल्याशिवाय रीलमध्ये जाऊ देऊ नयेत. काळ्या मातीची धूळ रीलमध्ये बसते, म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पट्टा पूर्ण बाहेर काढून झटका देऊन पाहावा. तो लगेच अडकला आणि सोडल्यावर पूर्ण आत गेला तर रील ठीक आहे. कडा विरलेल्या किंवा उन्हाने रंग उडून कापड कडक झालेले दिसले तर पट्टा शिवून घेऊ नये, नवा आणावा.

कमानीचा आराखडा मापांसह येथे टाकावा. नळीची जाडी आणि वेल्डच्या जागा मी पाहून देतो, आणि त्यानंतरच लोखंड कापावे.